अर्ध्या प्याल्याचे तीन देश

आमच्या सोसायटीतल्या बायकांना एकच प्रश्न पडलाय, "ऐन जानेवारीत, तेही एकट्या, त्या बर्फात कशाला गेलात हो?" एकेकीला जिन्यात उभं राहून सांगता सांगता माझा घसा बसला. म्हणून आता एकदाच लिहून काढते, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा. आणि हो, फुशारकी मारायला मुळीच लिहीत नाहीये. मी एकटी निघालेच नव्हते. मला एकटीला फिरवलं गेलं, आणि तेही माझ्या पोटच्या पोरीने!

पल्लवी आमची एकुलती एक. बिश्केकला, म्हणजे किर्गिझस्तानात, डॉक्टरकी शिकायला गेलेली. चौथं वर्ष. दिवाळीला आली नाही, म्हणाली परीक्षा आहे. नाताळच्या सुट्टीत आली नाही, म्हणे अजून परीक्षाच आहे. तिचे बाबा म्हणजे देवमाणूस. "अगं, अभ्यास करतेय पोरगी, करू दे," म्हणून मोकळे झाले. मला मात्र चैन पडेना. गंगापूर रोडवर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. माप द्यायला उभी राहिलेली बाई पोट कुठे आत ओढतेय ते मला लांबून कळतं. माझी पोरगी फोनवर बोलताना काहीतरी आत ओढून धरत होती.

"मी येतेय," म्हटलं.

 मग म्हणाली, "ये ना! पण थेट इकडे नको. ताश्कंदचं तिकीट काढ. मी तिथे घ्यायला येते, आपण मजेत फिरत फिरत बिश्केकला जाऊ."

मी खूश. यांनी निघताना माझ्या बॅगेत एक मखमली डबी ठेवली. आत स्टेथोस्कोप, त्यावर नाव कोरून घेतलेलं, 'डॉ. पल्लवी'. "तिच्या गळ्यात घालून फोटो पाठव," म्हणाले. ठेचा, गोडा मसाला आणि पापडांच्या मधोमध ती डबी नीट बसवली आणि निघाले.

ताश्कंद

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि श्वासच अडकला. निफाडचा पारा उतरला की पेपरात फोटो येतो, आम्ही शेकोट्या पेटवतो आणि स्वतःला मोठे थंडीवाले समजतो. छे! ही थंडी नाकातून शिरून दाढेपर्यंत गेली. लोक मात्र आइस्क्रीम खात चालले होते. खरंच सांगते, आइस्क्रीम!

आणि पल्लवीचा पत्ता नाही.

फोन केला तर ही म्हणते, "आई, अगं अचानक प्रॅक्टिकल लागलं. पण तू काळजी करू नकोस, मी सगळं बुकिंग करून ठेवलंय. समरकंद बघून ये तोवर."

"मी? एकटी?" मी आयुष्यात एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नाशिक ते सटाणा, माहेरी, एसटीने. धक्का बसला की माझ्या तोंडून अजून सटाण्याचीच बोली निघते. तिथे परदेशी विमानतळावर मी मोठ्याने म्हटलं, "ओ माय वं! हाई काय शे?" 'आई गं, हे काय आहे?' हे आमच्याकडे असं विचारतात. शेजारचा पोलीस दचकून बघायला लागला.

पण मनात खटकलं. प्रॅक्टिकल अचानक लागलं, तर बुकिंग आधीपासून तयार कसं?

समरकंद

निळे घुमट, त्यांच्यावर भुरभुरणारा बर्फ, सगळं पोस्टरात असतं तसंच. ते तुम्ही फोटोत बघा. मला सांगायचंय ते झुल्फियाच्या घराबद्दल, जिथे पल्लवीने मला उतरवलं होतं.

झुल्फिया माझ्याच वयाची, गोरीपान, तोंडात पुढचे दोन दात सोन्याचे. बाहेर सगळं गोठलेलं आणि घरात इतकं ऊन ऊन की ती अर्ध्या बाह्यांच्या झग्यात वावरत होती. मी मात्र दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून घामाघूम! तिने गोल, मधे नक्षीचा ठसा मारलेला पाव पुढे ठेवला. मी तोडून उरलेला तुकडा ठेवला तो पालथा पडला असेल. झुल्फियाने झडप घालून तो सुलटा केला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या तसबिरीला पाय लावलाय. आपण अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतो, ते आठवलं आणि मीही पावाला नमस्कार केला. तेव्हा कुठे ती हसली.

मग चहा आला. दूध नाही, साखर नाही, कान नसलेल्या वाटीसारख्या प्याल्यात. आणि किती? तळाला जेमतेम दोन घोट! मी बघतच राहिले. एवढं मोठं घर, भिंतीवर गालिचे, सोन्याचे दात, आणि चहा ओतताना हात आखडतो? मी दोन घोट घेतले, तिने परत दोन घोट ओतले. परत संपला, परत दोन घोट. अहो, एकदाच भरून द्या ना! सटाण्याला माझ्या आईकडे चहा कपातून बशीत सांडल्याशिवाय पाहुण्याला दिला असं कुणी मानत नसे. रात्री यांना फोनवर सांगितलं, "माणसं गोड आहेत, पण चिक्कू आहेत हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मातीचे लांबट उंचवटे दिसले, बर्फाखाली. ओळीने!  घराच्या अंगणात कुणाला पुरलंय? झुल्फियाला खुणेने विचारलं. ती हसत म्हणाली, "अंगूर! अंगूर!"

द्राक्षं? पुरलेली? तिने बर्फ बाजूला करून दाखवलं, मातीतून वाकलेला खोडाचा भाग डोकावत होता. थंडीने मरू नये म्हणून हे लोक अख्खा वेल मांडवावरून उतरवतात, जमिनीवर आडवा करतात, वर माती ओढतात आणि वसंतात परत उठवून उभा करतात. तिच्या हातवाऱ्यांतून हे कळलं आणि माझा आ वासलेलाच राहिला. आपल्याकडे जानेवारीत चांदवडपासून दिंडोरीपर्यंत मण्यांत साखर उतरत असते आणि इथे वेली पांघरूण घेऊन झोपलेल्या.

व्हिडिओ कॉलवर पल्लवीला ही मजा सांगत होते. फोन तिने नाकाला लावल्यासारखा धरला होता, मागे नुसती पांढरी भिंत. आणि अचानक तिकडून कुकरची शिट्टी झाली. खणखणीत.

"हे काय वाजलं?"

"काही नाही गं, हॉस्टेलमध्ये कुणीतरी..." एवढं बोलते तोवर दुसरी शिट्टी. तिने फोनच ठेवून दिला.

जरा वेळाने मेसेज आला, 'आई, व्हायवा पुढे गेली. आता ट्रेनने अल्माटीला जा, एक दिवस तिथे फिर आणि मग बिश्केकला ये. कझाकस्तानला आपल्याला व्हिसा लागत नाही!' अशी आनंदाने, जणू मला लॉटरी लागली होती. आता मी घाबरले. एवढ्या लांबून भेटायला आलेल्या आईला पोरगी देशोदेशी का फिरवेल? नापास झाली असेल. आजारी असेल. कुणाबरोबर राहत असेल. आणि खरं सांगते, शेवटचं सगळ्यात जास्त वेळा मनात आलं.

अल्माटीच्या गाडीत

डब्यात समोर एक धिप्पाड कझाक बाई होती. नाव बिबिगुल, सुनेच्या बाळंतपणाहून परत चाललेली. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तिच्या फोनमध्ये भाषांतर करणारी बाई होती. बिबिगुल काहीतरी बोलायची आणि फोनमधली बाई शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत सांगायची, "आपल्या आगमनाने मला हर्ष झाला आहे."

बिबिगुलने डबा उघडला. तळलेले फुगीर गोळे निघाले, थेट आपल्या गुलगुल्यांचे भाऊबंद. मी तीनचार खाल्ले. मग तिने मांसाच्या चकत्या पुढे केल्या. मी शाकाहारी म्हणून हात जोडले, पण कुतूहल म्हणून विचारलं, कशाचं? फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "अश्व."

घोडा! अहो, वरातीतला घोडा! मी गुलगुला गिळायचाच विसरले.

पण चहा! चहात दूध होतं! इतक्या दिवसांनी दुधाचा चहा बघून मला भरून आलं. आणि बिबिगुलने ओतला किती? परत अर्धाच प्याला. आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिला दाखवतेच पाहुणचार कशाला म्हणतात. तिने किटली खाली ठेवल्याबरोबर मी उचलली आणि तिचा प्याला काठोकाठ भरला. वर आलेला चहा थरथरत होता, एवढा. आणि ऐटीत म्हटलं, "घ्या!"

बिबिगुलचा चेहरा पडला. तिने प्याल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चहाला हातही न लावता डब्याचं झाकण लावलं, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. मला कळेचना. काय केलं मी? शेवटी तिने फोन हातात घेतला, रागाने दोन वाक्यं बोलली, आणि फोनमधली बाई मला म्हणाली, "तुम्ही मला निघून जाण्यास सांगितले. परंतु ही जागा माझीसुद्धा आहे. मी तिकीट काढले आहे."

मी जिथल्या तिथे थिजले. मग फोनवर बोलून बोलून उलगडा झाला. त्यांच्याकडे प्याला भरून देणं म्हणजे 'हा प्या आणि उठा'. अर्धा देणं म्हणजे 'संपला की परत मागा, मी परत ओतीन, बसा, बोलू'. जितका कमी चहा, तितका जास्त मान. झुल्फिया बिचारी मला पुन्हा पुन्हा 'बस गं, बस' म्हणत होती आणि मी तिला चिक्कू ठरवून मोकळी झाले होते!

मी कान पकडले. आपल्याकडे कसं असतं ते बशीत चहा सांडल्याचा अभिनय करून दाखवलं. त्यावर बिबिगुल इतकी हसली की डब्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं बघायला आली. मग तिने माझ्या प्याल्यात चमचाभर चहा ओतला, नुसता चमचाभर, आणि फोनमध्ये बोलली, "तुम्ही माझ्याकडे वर्षभर राहा."

तिला मी पल्लवीचं सगळं सांगितलं. जे यांना सांगू शकले नव्हते ते घोडा खाणाऱ्या बाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मुलगी म्हणते त्या दिवशी जाऊ नका. एक दिवस आधी जा."

बिश्केक

ऐकलं मी तिचं. अल्माटी न बघताच टॅक्सीने निघाले. सरहद्दीवर उतरून बॅग ओढत चालत पलीकडे जावं लागतं. बर्फात चाक रुतलेलं, नाकातून पाणी, हातमोज्यांत बोटं बधिर. तिकडच्या तरुण अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. ठेचा हुंगून मान मागे घेतली, मग मखमली डबी उघडली.

"डॉक्टर?" त्याने विचारलं.

"माय डॉटर," मी छाती फुगवून म्हटलं. त्याने मला सलाम ठोकला. आता आठवलं की लाजेने कुठे तोंड लपवू असं होतं.

बिश्केकची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली होती. हॉस्टेलच्या दारावरच्या जाड बाईला पल्लवीचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. परत सांगितलं, फोटो दाखवला. तिने फोटो ओळखला आणि हाताने सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. इथे राहत नाही. गेली.

 तिथल्या पायरीवर, बर्फावर, मी मटकन बसले. परमुलुख, अनोळखी भाषा आणि पोरगी दिलेल्या पत्त्यावर नाही. आयांनो, देवाने कुणावर ही वेळ आणू नये.

"आंटी, तुम्ही पल्लवीदीदीच्या मम्मी ना?"

मराठी! समोर हिजाबवर लोकरी टोपी चढवलेली एक मुलगी. सानिया, मालेगावची. तिचे अब्बू मागावर कापड विणतात, आणि ही इथे दुसऱ्या वर्षाला. "चेहरा सेम टू सेम आहे तुमचा. उठा, उठा, बर्फावर नका बसू. चला, मी तिथेच चाललेय जेवायला."

"कुठे जेवायला?"

"दीदीकडेच ना! आम्ही सगळेच तिथे जेवतो. आंटी, काय पोळ्या करते दीदी, एकदम घरच्यावानी!"

तिला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे. मी तिचा दंड धरून निसरड्या रस्त्यावरून चालत राहिले, आणि एक शब्दही विचारला नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

एका जुन्या इमारतीच्या तळघराच्या पायऱ्या उतरलो. दार उघडलं आणि भपकन वास आला. मोहरी, हिंग, कढीपत्ता. नाशिकपासून इतक्या लांब, बर्फाखालच्या तळघरात आमटीला फोडणी बसली होती. लांब टेबलांवर पंचवीसतीस पोरंपोरी ताटं घेऊन बसलेली, आणि पलीकडे तव्यासमोर पांढरा अ‍ॅप्रन घातलेली माझी डॉक्टर पोळ्या लाटत होती. कपाळाला पीठ. शेजारी एक किर्गिझ बाई त्या भाजत होती.

पल्लवीने वर बघितलं. लाटणं थांबलं.

"ओ माय वं!" माझ्या तोंडून निघालंच. "हाई काय शे?"

 पल्लवीने हातातल्या पोळीकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "पोळी शे."

हसावं की थोबाडीत द्यावी कळेना. पोरांसमोर तमाशा नको म्हणून बसले. सानियाने माझं ताट वाढून आणलं. जेवले. आणि मेलं जेवण चांगलं होतं, तेच जास्त झोंबलं. आमटीला थेट माझ्या हाताची चव होती.

शेवटचं पोरगं हात धुऊन गेलं, किर्गिझ बाईही समजून बाहेर गेली. मग मी फुटले. "डॉक्टर व्हायला पाठवलं होतं तुला! पोळ्याच लाटायच्या होत्या तर गंगापूर रोडला ओटा नव्हता? देशोदेशी फिरवलंस मला, आईला! खोटं बोललीस! बाबांनी तुझ्या नावाचा..." आणि मी डबी काढून टेबलावर आपटली.

तिने ती उघडली. नाव वाचलं. बराच वेळ बोटाने अक्षरं चाचपत राहिली.

"आई, मी नापास नाही झाले. मला ते नकोच होतं. बारावीला मार्क पडले आणि तुम्ही दोघं इतके खूश झालात की मला बोलताच आलं नाही. मुडद्याच्या खोलीतून आलं की मी हॉस्टेलमध्ये खिचडी टाकायचे, तेवढाच वेळ बरं वाटायचं. मग शेजारच्या मुली यायला लागल्या, मग सगळेच. दिवाळीनंतर मी कॉलेजातून नाव काढून घेतलं. या वर्षीची फी बँकेत तशीच आहे. इथला परवाना वगैरे ऐनुरासोबत रीतसर काढलाय, आत्ता तव्यावर होती ना, ती. तुला रोज सांगायचं ठरवायचे. रोज अजून एक शहर पुढे ढकलायचे तुला."

  चार वर्षं मी या पोरीचं माप घेतलंच नव्हतं, आणि लोकांच्या बाह्या मोजत बसले होते.

ती उठली. किटली आणली. समोर प्याला ठेवला आणि चहा ओतायला लागली. अर्ध्यावर येऊन थांबेल म्हणून मी बघत होते. थांबली नाही. पाऊण झाला. काठाला आला. वर येऊन थरथरायला लागला तेव्हा तिने किटली खाली ठेवली.

काठोकाठ.

या सगळ्या प्रवासात एवढा धक्का मला कशानेच बसला नाही, घोड्यानेही नाही. चार वर्षं या मुलखात काढलेली पोरगी, तिला याचा अर्थ ठाऊक नसेल? प्या आणि जा. मी कानटोपी घातली, शाल गुंडाळली आणि उभी राहिले.

"कुठे चाललीस?" पल्लवी घाबरून म्हणाली.

"तूच जा म्हणालीस ना!" माझा आवाज फाटला. "कळतं मला. भरला प्याला म्हणजे काय ते शिकून आलेय मी."

ती बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "आई! अगं वेडे! इथल्या माणसांना मी अर्धाच देते. तुला अर्धा दिला की तू नाक मुरडतेस म्हणून... सटाण्याच्या आजीसारखा भरला गं मी. घरचा."

मी परत बसले. कानटोपी काढली. तो भरलेला प्याला दोन्ही हातांनी उचलला, बोटं भाजत होती, आणि अर्धा चहा परत किटलीत ओतून दिला. मग प्याला तिला दाखवून माझ्यासमोर ठेवला.

"आता मी बसते," म्हटलं. "संपला की परत दे. आणि पहिल्यापासून सांग."

तेवढ्यात फोन वाजला. यांचा. पल्लवीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. मी फोन टेबलावर दोघींच्या मधे ठेवला आणि स्पीकर लावला.

"पोचलीस का गं?" हे आनंदाने विचारत होते. "काय करतेय आपली डॉक्टर?"

पल्लवीने माझा हात घट्ट धरला.

"पोळ्या लाटतेय," मी म्हटलं. "अहो, तुम्ही पण चहा टाका आणि बसा. कप अर्धाच भरा, बोलायला वेळ लागणार आहे."